घाट उतरणारी बिऱ्हाडे

बीड जिल्ह्याच्या मधोमध बालाघाटाचे डोंगर पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले आहेत. त्यांच्या उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई-माजलगावची काळी कसदार जमीन. डोंगरपट्ट्यात, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांत, माती वीतभर आणि तिच्याखाली मुरूम. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातच उगम पावते; पण तिचे पाणी पुढे केज-कळंबकडे गेल्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडते. उगमाजवळच्या वाड्यावस्त्या माघ लागला की टँकरची वाट पाहतात. पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास धरला जातो. तो दर वर्षी तेवढा पडतोच असे नाही, आणि पडला तरी डोंगरउतारावर थांबत नाही.

पाटोद्याहून जामखेडकडे जाताना सौताडा गाव लागते. तेथे विंचरणा नदी काळ्या कातळाच्या खोल घळीत कोसळते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. श्रावणात धबधबा भरून वाहतो, तेव्हा बीड-नगरची कुटुंबे डबे बांधून येथे येतात. कार्तिकात धार बारीक होते. नेमक्या त्याच दिवसांत घळीशेजारच्या घाटातून दुसरी कुटुंबे उतरत असतात. त्यांच्याबरोबर डब्यांऐवजी सगळा संसार असतो, आणि ती परततात चैत्राच्या सुमारास. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांचा हा प्रवास निदान तीन पिढ्यांचा आहे. सरकारी कागदांत त्याला ‘हंगामी स्थलांतर’ म्हणतात. गावात एवढेच म्हणतात, ‘कारखान्याला गेले.’

हा प्रवास रस्त्याने का सुरू झाला, याचे एक उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. मनमाडहून जालना-परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे 1900मध्ये सुरू झाली, तेव्हा ती गोदावरीच्या पलीकडून गेली. बीड बाजूला राहिले. निजामाच्या काळातच परळीला गाडी आली, पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला पोटासाठी बाहेर पडायचे तर पाय आणि बैलगाडी हीच साधने होती. ऊस येण्यापूर्वीही डोंगरातली माणसे ज्वारीच्या सुगीला गंगथडीत उतरत आणि मजुरी म्हणून धान्य घेऊन परत चढत. वाट आणि सवय दोन्ही तयार होत्या. पुढे फक्त दिशा बदलली आणि अंतर वाढले.

दिशा बदलली ती कालव्यांमुळे. भंडारदऱ्याचे धरण 1926मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात फिरले आणि बेलापूर-हरेगाव परिसरात उसाचे मळे व साखर कारखाना उभा राहिला. नंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना निघाला आणि 1950-51च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्यातली साखर घटते. म्हणून कारखान्याला पाच-सहा महिने रोज, न चुकता, ताजा ऊस लागतो आणि तो तोडायला माणसे फडावरच, म्हणजे उसाच्या शेतावरच, मुक्कामाला लागतात. गावचा मजूर संध्याकाळी घरी जातो. बाहेरून आलेला फडाशेजारी राहतो आणि पहाटेच काय, मध्यरात्रीही उठतो. घर पाठीवर घेऊन येणारा मजूर कारखान्यांना हवा होता तो या हिशेबाने.

1972चा दुष्काळ हे या इतिहासातले मोठे वळण आहे. त्या वर्षी विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसली. पाझर तलाव झाले, रस्ते झाले. पिके गेलेल्या कुटुंबांना पुढच्या हंगामात रोख पैसा देणारी जागा एकच होती, ती म्हणजे मजूर पुरवणारा कारखान्याचा मुकादम. ज्या घरांतून तोवर एखादा धाकटा भाऊ जात असे, त्या घरांतून जोडपी जाऊ लागली. आपण फोडलेल्या खडीच्या रस्त्यावरून आपलीच गाडी हाकत जिल्हा सोडणारी ती पिढी होती. त्यानंतर जायकवाडी आणि माजलगावच्या धरणांनी गंगथडी भिजली, जिल्ह्यातही ऊस आणि कारखाने आले. पण ते पाणी डोंगरावर चढले नाही.

प्रवासाची तयारी पावसाळ्यातच सुरू होते, आणि तिची पहिली पायरी म्हणजे उचल. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहनमालकाकडून पैसे घेतो आणि टोळीतल्या जोडप्यांना आगाऊ वाटतो. या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. दहा-बारा कोयत्यांची टोळी बनते. उचलीचे पैसे प्रवासाला फारसे उरतच नाहीत. ते मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, सावकाराला, बियाण्याला आधीच गेलेले असतात. हंगामभर तोडलेल्या प्रत्येक टनातून ही रक्कम फेडायची असते. म्हणजे निघण्याचा दिवस ठरण्याआधीच मजुरी खर्च झालेली असते, आणि या प्रवासाचे सगळे नियम त्यातून येतात: मध्येच परतता येत नाही, आजारी पडता येत नाही, वाटेत उशीर करता येत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला दुसरी तयारी. ती बहुतेक बायकांच्या हाती असते. सहा महिन्यांचे घर एका गाडीच्या कोपऱ्यात मावले पाहिजे, आणि गाडीत आणखी तीन-चार घरे असणार, हे धरून सामान निवडले जाते. पत्र्याच्या पेटीत कपडे आणि कागदपत्रे. जर्मनची पातेली एकात एक घालून, त्यांच्या पोटात तवा, उलथने आणि चहाची गाळणी. बाजरी-ज्वारीचे पोते, डाळ, तिखट आणि येसराचा, म्हणजे भाजून दळलेल्या मसालेदार पिठाचा, डबा. कारण फडावर भाजी मिळो न मिळो, येसराची आमटी दहा मिनिटांत होते आणि भाकरीबरोबर पोट भरते. पाण्याचे हंडे रिकामे नेत नाहीत, त्यांत कांदे-लसूण भरतात. ताडपत्री, बांबू, चटया, सुतळी ही कोपीची, म्हणजे फडावरच्या तात्पुरत्या झोपडीची, सामग्री वरच्या बाजूला, कारण पोहोचल्या रात्री तीच आधी लागते. कोयते घासून फडक्यात गुंडाळलेले. वाटेसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन-तीन दिवस टिकेल इतकी. लेकुरवाळी बाई झोळीचे लुगडे हाताशी ठेवते. ती झोळी आधी गाडीच्या दांडीला, मग कोपीच्या मेढीला आणि शेवटी फडाच्या बांधावरच्या बाभळीला बांधली जाते. कोणती वस्तू शेवटी चढवायची आणि कोणती आधी काढायची, हा क्रम सासूकडून सुनेकडे येतो. ही विद्याच आहे, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नाही याची खंत वाटावी इतकी ती बारकाईची आहे.

बैलगाडीच्या काळात पुरुषांची तयारी बैलांभोवती फिरे. खडीच्या रस्त्यावर खूर झिजू नयेत म्हणून खुरांना पत्र्या ठोकून घ्यायच्या, चाकांची लोखंडी धाव घट्ट करायची, आखाला वंगण द्यायचे, दोन दिवसांची वैरण गाडीखाली बांधायची. लाकडी चाकांच्या गाडीने दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर वाट सरे. बीडपासून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा मुक्काम. प्रवरेचा पट्टा त्याच्याही पुढे. मुक्कामाची जागा निवडताना तीन गोष्टी पाहत: विहिरीला पाणी, बैलांना झाडाखाली जागा, आणि गावाने हाकलून न देणे. म्हणून गाड्या एकेकट्या निघत नसत. एका गावच्या आठ-दहा गाड्या मागेपुढे चालत.

प्रवासाची खरी कसोटी घाटात लागे. चढाला दमलेल्या जोडीपुढे मागच्या गाडीची जोडी सोडून जुंपायची, गाडी थांबली की मागे चालणाऱ्या पोराने चाकामागे दगड लावायचा. उतार त्याहून अवघड, कारण भरलेली गाडी बैलांच्या मानेवर येते. बायका-मुले उतरून चालत, गाडीवान जू धरून बैलांच्या पुढे उलटा चाले, आणि दोघेजण मागून दोर ओढून धरत. सौताड्याची घळ एका अंगाला ठेवून जामखेडच्या मैदानात उतरले की मग करमाळ्याकडे सपाट वाट. धारूर-केजकडची बिऱ्हाडे कळंब-बार्शीमार्गे जात, शिरूर कासारची पाथर्डीवरून. यातल्या दक्षिणेकडच्या वाटा पंढरीच्या वारीच्या वाटांना ठिकठिकाणी मिळतात. आषाढात दिंडीबरोबर पायी गेलेला माणूस कार्तिकात त्याच ओळखीच्या विहिरीवर बैल सोडी.

नंतर गाडीची चाके बदलली. कारखान्यांनी रबरी टायरच्या बैलगाड्या पुरवायला सुरुवात केली. लाकडी चाकांपेक्षा त्यांत कितीतरी जास्त ऊस मावे आणि बैलांवरचा ताण कमी होई. तेव्हापासून टोळ्यांचे प्रकार पडले. टायरगाडीवाल्या जोडप्यांचे टायर सेंटर. स्वतःच्या बैलांविना जाणाऱ्यांचे डोकी सेंटर, जेथे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गाडी कारखान्याचीच मिळू लागल्यावर ती घरून हाकत नेण्याचे कारण उरले नाही. ट्रक आला आणि सहा दिवसांची वाट एका रात्रीवर आली. पुढे ट्रॅक्टर आले, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या आल्या. आता माणसे, बैल, शेळ्या, कोंबड्या आणि हंगामाचे धान्य एकाच ट्रॉलीत लाकडी फळ्यांआड बसतात.

वेग वाढला, पण वाट अधिक निर्धास्त झाली असे म्हणता येत नाही. धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा. बैलगाडीला जो उतार दोराने आवरता येई, तो भरलेल्या ट्रॉलीला आवरत नाही. सामानाच्या ढिगावर बसलेल्या माणसांना धरायला काही नसते. प्रवास बहुधा रात्रीचा, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीत. जिल्हा ओलांडल्यावर अंतरही वाढलेले आहे. सांगली-कोल्हापूरच्या पुढे बेळगाव, बागलकोटपर्यंत बीडच्या टोळ्या जातात. रेल्वे 2022मध्ये नगरहून आष्टीपर्यंत आणि 2025च्या सप्टेंबरात बीडपर्यंत आली. पण संसार, जनावरे आणि कोपीचे बांबू घेऊन निघालेल्या बिऱ्हाडाला अजून ट्रॉलीच लागते.

कोणाला न्यायचे आणि कोणाला ठेवायचे, हा तयारीतला सगळ्यांत जड निर्णय. म्हातारी माणसे घर आणि एखादी शेळी सांभाळायला मागे राहतात. तान्ही मुले बरोबर जातात. शाळेच्या वयाची मुले मध्ये अडकतात: नेली तर ती धाकट्यांना सांभाळतात आणि उसाचे वाढे गोळा करतात, ठेवली तर त्यांच्या जेवणाची सोय पाहावी लागते. कारखान्यांच्या परिसरात 1990च्या दशकापासून साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे सुरू झाली. आजी धडधाकट असेल तर मूल शाळेत टिकते, हे मात्र अजूनही मोठ्या प्रमाणात खरे आहे.

बायकांच्या शरीरापर्यंत ही तयारी पोहोचली होती, हे 2019मध्ये राज्यभर कळले. कामावर एक दिवस न जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड. फडावर पाळीच्या दिवसांतही आडोसा नाही, न्हाणी नाही. गर्भाशय काढून घेतलेल्या तरुण स्त्रियांची संख्या जिल्ह्यात विलक्षण दिसू लागल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीचा आग्रह सुरू झाला. उचल, येसर, ताडपत्री या यादीत तपासणीचा कागद यायला इतकी वर्षे लागावीत, हे या प्रवासाच्या इतिहासातले सर्वांत दुःखद पान आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले, मजुरांची ओळखपत्रे करण्याचे काम सुरू झाले, आणि 2024च्या जानेवारीत साखर संघ व मजूर संघटना यांच्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. दुसरीकडे फडांत ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत. यंत्र जेथे चालते तेथे टोळीची गरज कमी होते, आणि डोंगरातल्या जमिनीत मात्र अजून त्या टोळीला पुरेल असे काम नाही.

परतीचा दिवस कारखाना ठरवतो. ऊस संपला की ‘पट्टा पडला’ म्हणतात. शेवटच्या मोळीवर गुलाल उधळतात, टायरगाडीच्या बैलांची शिंगे रंगवतात, ट्रॅक्टरला हार घालतात. कोपी उकलून बांबू पुन्हा गाडीत जातात. परतीच्या सामानात धान्याचे पोते नसते. असलेच तर नवे भांडे, पोरांचे कपडे, एखादे वासरू. पाडव्याच्या आगेमागे गाड्या घाट चढतात, तेव्हा विंचरणेच्या घळीत नुसता कातळ दिसतो. घरी पोहोचल्यावर आधी अंगण सारवून होते, मग पाण्याची चौकशी, आणि चार-आठ दिवसांत मुकादम वही घेऊन येतो. तोडलेले टन, कापलेले खाडे, दिलेली उचल यांचा हिशेब होतो. सगळे फिटले तर पुढच्या वर्षाची बोलणी नव्याने. न फिटले तर उरलेली रक्कम ‘बाकी’ म्हणून त्याच वहीत पुढच्या दसऱ्याच्या पानावर चढते.