गुलामगिरी व मराठेशाहीतील युद्धनेते

युद्धनेत्याची थोरवी त्याच्या विजयांवरून ठरविण्याचा प्रघात जुना आहे. गुलामगिरीविषयी त्याची भूमिका काय होती, हा निकष त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन व अब्राहम लिंकन यांच्यासंबंधी तो आग्रहाने लावला जातो. महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ निग्रो दास्य नष्ट करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण करून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. परंतु त्यांचा रोख जातिदास्यावर होता. खरेदी-विक्रीच्या दास्याबाबत मराठेशाहीतील नेत्यांचे परीक्षण फारसे झालेले नाही.

हा निकष किती गुंतागुंतीचा आहे, हे मलिक अंबरच्या (मृ. १६२६) चरित्रावरून दिसते. हबसाणात जन्मलेला व बालपणीच विकला गेलेला हा गुलाम निजामशाहीचा कर्ता पुरुष बनला आणि मोगलांना त्याने दोन तपांहून अधिक काळ थोपवून धरले. असे असूनही त्याने स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन आपले सैन्य वाढविले. दक्षिणेतील लष्करी गुलामास अधिकार व मुक्तता मिळू शकत असे, हे ध्यानात घेतले, तरच ही विसंगती उलगडते.

छत्रपती शिवाजी महाराजांसंबंधी पुरावा अधिक स्पष्ट आहे. कर्नाटक मोहिमेत, १६७७ मध्ये, डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात त्यांनी दासदासींच्या खरेदीस व त्यांना बाहेर नेण्यास मनाई केली. पूर्वीच्या मुसलमानी अमलात ही मोकळीक होती, याचा त्यात उल्लेख आहे. संभाजी महाराजांनीही मुंबईचा बंडखोर गव्हर्नर केग्विन याच्याशी १६८४ मध्ये केलेल्या तहात आपल्या प्रजाजनांना गुलाम अथवा ख्रिस्ती करण्यासाठी विकत घेऊ नये, असे कलम घातले. किनाऱ्यावरील माणसे पकडून विकण्याचा जंजिऱ्याच्या सिद्दीचा उद्योग लक्षात घेता या कलमाची निकड कळते. दोन्ही करारांत रयतेचे रक्षण हा हेतू उघड आहे. मात्र त्यांवरून राज्यांतर्गत दास्यही रद्द झाले, असे म्हणता येत नाही. सभासद बखरीत लष्करात बटीक बाळगण्यास देहदंड सांगितला आहे; तो शिस्तीसाठी आहे आणि बटकी अस्तित्वात होत्या, हेच त्यावरून सिद्ध होते. शत्रूच्या मुलखातील बायकापोरे धरू नयेत, हा तेथीलच नियम मात्र गुलामगिरीच्या मुळावरच घाव घालणारा आहे, कारण लढाईतील बंदिवान हाच दास्याचा मोठा स्रोत होता. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत १६६१ मध्ये कारतलबखानाच्या कोंडलेल्या फौजेला वाट देण्यात आली, हा दाखलाही कोणी पुढे करील. परंतु शरणागतास अभय देणे हा युद्धनीतीचा भाग असून त्यावरून दास्यविषयक मत काढणे सयुक्तिक नव्हे.

पेशवाईचे चित्र वेगळे आहे. पेशवे दप्तरात कुणबिणींचे उल्लेख वारंवार येतात. हा शब्द कुणबी स्त्रीचा वाचक असला, तरी तेथे त्याचा अर्थ दासी असा होतो. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रियांना सरकार दासी करी आणि किल्ले, कोठ्या, पागा व कारखाने येथे कामास लावी. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात. काहींना वार्धक्यात अथवा मोबदला घेऊन सोडण्यात येई. याचा दोष एकट्या पेशव्यावर ठेवता येणार नाही, कारण ही रूढी समाजमान्य होती. पण येथे सरकार केवळ रूढीचे साक्षीदार नव्हते, तर तेच दासी निर्माण करीत होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पानिपतानंतर (१७६१) हजारो मराठी बायकामुले अब्दालीच्या छावणीत दास्यात गेली. त्या दुःखाने पुणे हळहळले. परंतु किल्ल्यांवरील कुणबिणींच्या स्थितीत त्यामुळे फरक पडला नाही.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावरही हे दास्य लगेच संपले नाही. १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने न्यायालयांना गुलामावरील मालकीहक्क मान्य करण्यास बंदी केली आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा शिक्षापात्र अपराध ठरविला.