वेबची वाटचाल आणि भ्रमणध्वनी : तानसा परिसर व शहापूर-मुरबाड तालुक्यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

वेबचा इतिहास सर्वसाधारणपणे पिढ्यांच्या भाषेत सांगितला जातो. केवळ वाचता येणारी पाने ही पहिली पिढी, वाचकालाही लिहिण्याची मुभा देणारी दुसरी आणि त्यानंतर सर्व काही खिशातील मोबाईलवर आणणारी पुढची पिढी, असा हा क्रम आहे. ज्या समाजात आधी संगणक आला व नंतर मोबाईल, तेथे ही मांडणी बऱ्याच अंशी लागू पडते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना मात्र ती लागू पडत नाही. येथील बहुसंख्य कुटुंबांनी टेबलावरचा संगणक घरात कधी पाहिलाच नाही. वेब त्यांच्याकडे आले ते थेट मोबाईलमधून, आणि त्याचा वापर सोय म्हणून अंगवळणी पडण्याआधीच तो अनेक व्यवहारांची अट होऊन बसला. क्रमातील या फरकाचे परिणाम कोणाला सोसावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जवळून जाणाऱ्या वाहिन्या

या प्रदेशातून मोठ्या वाहिन्या जाण्याचा इतिहास जुना आहे. 1865 मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला. 1892 मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा धरण पूर्ण झाले आणि तेथून मुंबईकडे पाणी वाहू लागले. पुढे मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा अशी धरणे झाली. मुंबईची तहान भागविणाऱ्या याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही बाब इतक्या वेळा लिहिली गेली आहे की तिची धार बोथट झाली आहे. तथापि दूरसंचाराचा इतिहास पाहताना तिची आठवण टाळता येत नाही. 2000 मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलने देशभर लोहमार्गांच्या कडेने प्रकाशतंतूंचे जाळे विणले. वाहिनी दारावरून जाणे आणि वाहिनीला आपल्या दारी तोटी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तानसा परिसराला नव्याने शिकण्याची गरज नव्हती.

विदेश संचार निगम लिमिटेडने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, 31 जुलै 1995 रोजी, देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले. दोन्ही सेवा महानगरांपुरत्या होत्या. मोबाईल परवान्यांची रचना करताना मुंबई, नवी मुंबई व कल्याण या दूरध्वनी क्षेत्रांचे एक स्वतंत्र मंडळ करण्यात आले, तर उर्वरित महाराष्ट्राचे दुसरे. एका जिल्ह्यातून जाणारी ही रेघ तेव्हा नकाशावर किरकोळ वाटली असेल. परंतु कंपन्यांचे भांडवल रेघेच्या कोणत्या बाजूला आधी जाणार हे उघड होते. ग्रामीण भागात या काळात दूरध्वनी म्हणजे बाजारपेठेतील पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. केंद्र होय.

2003 मध्ये आलेल्या कॉलचे शुल्क बंद झाले आणि चित्र पालटले. येथील कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबांपैकी अनेक जण दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. गावी राहिलेले म्हातारे आईवडील आणि भट्टीवरची मुले यांच्यात साधा बटणांचा फोन हा पहिला दुवा ठरला. बोलण्यालाही पैसे पडत असल्याने मिस्ड कॉलची एक स्वतंत्र भाषा घडली. एकदा वाजला तर पोहोचलो, दोनदा वाजला तर फोन करा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही ही भाषा अवगत झाली. एखाद्या तंत्रज्ञानाचा वापर लोकांनीच ठरविल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

लिपीचा अडसर

मराठी वेबचा आरंभ परदेशस्थ व शहरी मराठी माणसांच्या उत्साहातून झाला. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 मध्ये सुरू झाले, तर मराठी विकिपीडिया 2003 मध्ये. युनिकोड रुळेपर्यंत प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा असे व तो उतरवून घेतल्याशिवाय पान वाचता येत नसे. स्वस्त मोबाईलवर तर पुढेही दीर्घकाळ जोडाक्षरे तुटलेली दिसत. लिपीचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या सुटला, तरी शासकीय अॅपची भाषा हा प्रश्न शिल्लक राहिला. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. निकृष्ट यंत्र आणि पोषण ट्रॅकर अॅपमधील इंग्रजी या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. हे आंदोलन तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. आपल्या कामाची नोंद आपल्या भाषेत करता यावी, एवढीच ती मागणी होती.

धसईचा प्रयोग

2016 हे वर्ष या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. 5 सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली व डेटाचे दर झपाट्याने कोसळले. 8 नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. आणि 1 डिसेंबरला मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक व बँक ऑफ बडोदा यांच्या सहकार्याने दुकानदारांना कार्ड यंत्रे देण्यात आली होती. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला उपस्थित होते. वडापावच्या गाडीवर कार्ड घासले जात असल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली.

धसईची निवड अविचाराने झाली होती असे म्हणता येणार नाही. हे गाव आसपासच्या खेड्यापाड्यांची बाजारपेठ आहे. येथील व्यापारी खटपटे आहेत. परंतु बाजारपेठ व्यापाऱ्यांइतकीच गिऱ्हाइकांचीही असते. पाड्यावरून भाजी किंवा मीठमिरची घ्यायला येणाऱ्या मजुराकडे कार्ड असेलच असे नव्हते, असले तरी खात्यात शिल्लक असेलच असे नव्हते, कारण त्याची मजुरी रोख मिळत होती. बँकेतून पैसा फिरू लागायचा तर तो मजुरीच्या टोकापासून फिरायला हवा होता. येथे सुरुवात गल्ल्यापासून झाली. शिवाय यंत्र चालायचे सिमकार्डाच्या जाळ्यावर, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी ते केव्हा जाईल याचा नेम नसे. पुढील वर्षभरात गावाला भेट दिलेल्या वृत्तपत्र प्रतिनिधींना व्यवहार पुष्कळसा रोखीकडे वळल्याचे आढळले.

याउलट एप्रिल 2016 मध्ये आरंभ झालेली यूपीआय व्यवस्था कोणत्याही समारंभाशिवाय देशभरातील लहान दुकानांत शिरली. कागदावर छापलेल्या क्यूआर कोडला वीज लागत नाही, भाडे पडत नाही. दुकानदाराचा व गिऱ्हाइकाचा स्वतःचा मोबाईल हेच यंत्र झाले. धसईत कार्डयंत्रांना जे साधले नाही ते या व्यवस्थेने अन्यत्र साधले, हे केवळ तंत्राच्या प्रगतीमुळे घडले असे मानणे अपुरे आहे. मधल्या काळात स्वस्त स्मार्टफोन हाती आले होते आणि तरुणांनी तो आपल्या खर्चाने, आपल्या गतीने आत्मसात केला होता.

शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. संदीप गुंड या शिक्षकाच्या पुढाकारातून व लोकसहभागातून ही शाळा डिजिटल झाली आणि राज्यभरातील शिक्षक ती पाहण्यासाठी येऊ लागले. तेथे यंत्राआधी गावाची तयारी झाली होती.

अंगठा आणि सही

मुरबाड तालुक्यातीलच फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी, योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन बसू लागल्या. कागदावर अंगठा उठविण्याची लाज वाटते, सही करता यावी, ही त्यामागील इच्छा होती. काळाचा योगायोग असा की, त्याच सुमारास अंगठा शासनव्यवहारात सन्मानाने परत आला. 14 एप्रिल 2017 रोजी नागपूर येथे आधारवर आधारित अंगठ्याने पैसे देण्याच्या भीम-आधार सेवेचा प्रारंभ झाला. शिधावाटप दुकानांतही आधारशी जोडलेली यंत्रे बसविण्यात आली. ज्या स्त्रीने सत्तराव्या वर्षी आपले नाव लिहायला शिकून घेतले, तिच्यापुढे धान्यासाठी पुन्हा अंगठ्याचेच यंत्र धरले गेले.

यानंतर 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी मोबाईल अॅपवर छायाचित्र काढून नोंदविणे देशभर बंधनकारक करण्यात आले. अभयारण्यालगतच्या पाड्यांत मनोरा उभारणे वनविषयक कायद्यांमुळे व डोंगराळ भूरचनेमुळे सोपे नसते. अशा ठिकाणी दिवसभर खणलेल्या चराची नोंद रेंजवर अवलंबून राहू लागली. मिस्ड कॉलच्या काळात रेंज नसणे म्हणजे निरोप उशिरा पोहोचणे एवढेच होते. आता तिचा संबंध थेट मजुरीशी आला. शिधावाटप यंत्राची अडचण आणखी निराळी आहे. वर्षानुवर्षे माती थापून आणि विटा वाहून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्र अनेकदा ओळखत नाही. मग बोट धुऊन, पुसून, दुसऱ्या हाताचे बोट ठेवून पुन्हा प्रयत्न केला जातो, आणि रांग तशीच थांबून राहते.