मागाचा खडखडाट कमी झाला, शहराचा हिशेब कोण ठेवणार?

इचलकरंजीला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणायची आपल्याला सवय लागलीय. पण हे शहर मागामागानं वाढत गेलंय. माग बदलला की शहर बदलतं, हा इथला जुना अनुभव.

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्यांना पाठिंबा होता. पुढं १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, आणि कापडाचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडं आणखी वळलं. राहत्या घरामागं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. घर कुठं संपतं आणि कारखाना कुठं सुरू होतो, कळेना. आधी माग बसले. रस्ता, गटार, पाणी मागनं आलं.

१९९९ ला केंद्राची 'टफ' योजना आली. नव्या यंत्रांच्या कर्जाला आधार मिळाला. मग धोटा नसलेले रेपियर, एअरजेट माग वाढले. आपण त्यांना 'ऑटोलूम' म्हणतो. पूर्वी मागाचा बिघाड जॉबरला आवाजावरनं कळायचा. आता सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. किती मीटर विणलं, किती वेळा बंद पडला, सगळं पडद्यावर दिसतं.

कापड सुधारलं, यात वाद नाही. पण खर्चीवाल्या मागधारकाचं काय? त्याची मजुरी पिकावर, पैशांत मोजतात. त्यानं लाखोंचं यंत्र घ्यायचं कशावर? शिवाय ऑटोलूमला मोठी, स्वच्छ जागा लागते. ती गावाबाहेरच्या वसाहतीत मिळते. गल्लीतली जुनी शेड आणि तिच्यावर पोट असलेला कामगार मात्र गल्लीतच राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. विणायला पाणी थोडंच लागतं. सायझिंग आणि प्रोसेसला भरपूर. त्यात शहराचं सांडपाणी. पंचगंगेचं काय झालं, ते आपण बघतोच. २०१२ ची काविळीची साथ कुणी विसरलेलं नाही. आधी पंचगंगा, मग कृष्णा, आता दूधगंगेच्या पाण्यावरनं गावागावांत तंटा. नवीन नदी शोधणं म्हणजे विकास नव्हे.

२०२२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. म्हणून साधी मागणी आहे. मागावरचा एकेक धागा मोजता येतो, तर नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्यावर मीटर का नको? त्याचा रोजचा आकडा चौकातल्या फलकावर लावा. लहान मागधारकांना एकत्र येऊन यंत्र घेता येईल अशी सोय करा. सहकार आपल्याला नवा नाही. आणि जुन्या शेडच्या जागांचं काय करायचं, ते आत्ताच ठरवा, बिल्डर ठरवायच्या आधी.

तुमच्या गल्लीत किती माग बंद पडलेत? कमेंटमध्ये लिहा. निदान तो हिशेब तरी आपण ठेवू.