सहा माणसं, दोन दोर

पावणेसहा वर्षं आधी
३१ मार्च २००४. कॅनडाच्या फौजदारी संहितेत एक दुरुस्ती लागू झाली. दुसऱ्याने काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याने त्या माणसाला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणं यापुढे कायद्याने बंधनकारक झालं. या दुरुस्तीमागे वेस्टरे कोळसा खाणीतला स्फोट होता. ९ मे १९९२ रोजी पहाटे ५.१८ वाजता नोव्हा स्कोशियातल्या त्या खाणीत २६ कामगार मेले होते. स्फोटापासून कायद्यापर्यंत पोहोचायला जवळपास १२ वर्षं लागली.

२ वर्षं १७ दिवस आधी
७ डिसेंबर २००७, न्यूयॉर्क. मॅनहॅटनमधल्या एका ४७ मजली इमारतीच्या काचा धुण्यासाठी दोन भाऊ झुल्यावर चढले. झुल्याला धरून ठेवणाऱ्या तारा सुटल्या आणि झुला दोघांसह खाली आला. वेगळ्या दोराला दोघांपैकी कुणीच बांधलेलं नव्हतं. एक भाऊ मेला, दुसरा वाचला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी वाचलेल्याची बातमी चमत्कार म्हणून छापली.

साडेतीन महिने आधी
सप्टेंबर २००९, टोरांटो. शहराच्या एटोबिको भागात, किपलिंग ॲव्हेन्यूवरच्या दोन उंच निवासी इमारतींच्या बाल्कन्यांचं काँक्रीट दुरुस्त करण्याचं काम मेट्रॉन कन्स्ट्रक्शन या कंपनीला मिळालं. ३१ डिसेंबरपर्यंत काम पुरं झालं तर ५०,००० डॉलर बोनस मिळणार होता.

बाल्कनीची दुरुस्ती काय, काचा धुणं काय किंवा रंगकाम काय, बाहेरच्या बाजूने करायचं तर बऱ्याचदा साधन एकच असतं: झुला. लांबट फळी, तिला कठडा, दोन टोकांना दोन पोलादी तारा आणि वर-खाली करणाऱ्या मोटारी. झुला तारांवर लटकतो. माणसाने मात्र झुल्याच्या भरवशावर राहायचं नसतं. त्याच्यासाठी गच्चीवरच्या पक्क्या खुंट्याला बांधलेला दुसरा, स्वतंत्र दोर सोडतात. ही लाइफलाइन. कामगाराच्या अंगावरचा हार्नेस तिला अडकवलेला असतो. झुला गेला तरी माणूस दोरावर राहतो.

एका माणसाला एक लाइफलाइन. त्यात वाटेकरी नाही. बांधकामासाठी ऑन्टारियो प्रांताचा हा नियम आहे. काचसफाईसाठीही वेगळी नियमावली आहे; ३ मीटर किंवा त्याहून जास्त उंचीवरून पडण्याचा धोका असेल तिथे ती लागू होते. गच्चीवर दोर कुठे बांधायचे याचा आराखडा इमारतीच्या मालकाने तयार ठेवायचा, असं ती सांगते.

अडीच महिने आधी
ऑक्टोबर २००९. मेट्रॉनने ओटावाच्या स्विंग एन स्कॅफ या कंपनीकडून दोन झुले भाड्याने घेतले.

झुल्यावर अनुक्रमांक नव्हता. वजनाची कमाल मर्यादा सांगणारी पाटी नव्हती. सोबत माहितीपुस्तिका नव्हती, अभियंत्याने केलेलं रेखाचित्रही नव्हतं. नियमाप्रमाणे हे सगळं असायला हवं होतं. या झुल्यावर किती माणसं चालतात, हे कामाच्या जागी कुणालाही वाचून कळलं नसतं. तरीही तो वापरात आला.

२४ डिसेंबर २००९, गुरुवार
नाताळची पूर्वसंध्या. बोनसच्या मुदतीला सात दिवस उरले होते.

कामावरची माणसं बहुतेक पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या देशांतून आलेली होती. मुकादम ३१ वर्षांचा होता. त्याच्या वर प्रकल्प व्यवस्थापक.

दुपारभर इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर काम चाललं. त्या ठिकाणी गच्चीवरून सोडलेल्या लाइफलाइन दोन होत्या. अशा झुल्यावर एका वेळी दोनच माणसं काम करतात, असा या धंद्यातला रिवाज आहे. दोन माणसांना दोन दोर पुरले असते.

साडेचारच्या काही वेळ आधी
सूर्य मावळायला पाऊण तासाहून कमी वेळ होता. काम आवरतं घ्यायचं आणि खाली जायचं, एवढंच उरलं होतं.

झुल्यावरून उतरायला निघालेली माणसं सहा होती. सोबत हत्यारं. दोन दोरांना दोघेजण, या हिशेबाने झुल्याच्या तीन फेऱ्या लागल्या असत्या. निर्णय झाला एकाच फेरीचा.

साडेचारच्या काही मिनिटं आधी
प्रकल्प व्यवस्थापक तिथे हजर होता. हत्यारं झुल्यावर चढवायला त्याने हात लावला. दोर कमी आहेत हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मुकादमाला लाइफलाइनबद्दल विचारलं.

मुकादम म्हणाला, काळजी करू नका.

प्रश्न अगदी बरोबर होता आणि वेळेवर विचारलेला होता. उत्तरात दोरांचा आकडा नव्हता. काम थांबवण्याचा अधिकार विचारणाऱ्याकडे होता. त्याने पुढे काही केलं नाही. सहाही जण झुल्यावर चढले. त्यांतल्या एकाने आपला हार्नेस लाइफलाइनला अडकवला होता.

सुमारे ४.३०
झुला मध्ये तुटला.

हार्नेस अडकवलेला कामगार दोरावर लटकत राहिला. त्याला वर ओढून घेण्यात आलं. झुल्यापाशी असलेला प्रकल्प व्यवस्थापक बाल्कनीच्या आधाराने बचावला. उरलेले पाच जण १०० फुटांहून अधिक उंचीवरून खाली गेले.

एवढं अंतर कापायला साधारण अडीच सेकंद लागतात.

त्यानंतर
चौघे मेले. त्यांची वयं २५, ३१, ३८ आणि ४०. त्यांत मुकादम होता. पाचवा जिवंत राहिला. त्याचा पाठीचा कणा आणि पाय मोडले होते.

तपासात दिसलं ते असं: झुल्याची रचनाच सदोष होती. सहा माणसं आणि हत्यारं यांचं एकत्र वजन तो पेलू शकला नाही. मृतांपैकी तिघांच्या शरीरात नुकत्याच घेतलेल्या गांजाचा अंश मिळाला; त्या तिघांत मुकादमही होता.

झुला सदोष होता, हे कामगारांना दिसणं अवघड होतं. पाटी नाही, हे दिसत होतं. माणसं सहा आहेत आणि दोर दोन, हेही दिसत होतं.

१ वर्षानंतर
डिसेंबर २०१०. या दुर्घटनेनंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने ऑन्टारियो सरकारला अहवाल दिला. शिफारशी ४६. त्यांत उंचीवर काम करणाऱ्यांसाठी सक्तीचं प्रशिक्षण होतं. ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं.

अडीच वर्षांनंतर
१३ जुलै २०१२. मेट्रॉनने निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला होता. कंपनीचा दोष ठरला तो मेलेल्या मुकादमाच्या कृतीवरून: त्याने सहा जणांना चढू दिलं होतं. दंड २,००,००० डॉलर.

३ वर्षं ८ महिन्यांनंतर
४ सप्टेंबर २०१३. सरकारी पक्षाच्या अपिलावर ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने दंड ७,५०,००० डॉलर केला. दंड फार किरकोळ असेल, तर कामगारांचे मृत्यू म्हणजे धंद्यातला एक खर्च, असा अर्थ निघतो, आणि तो न्यायालयाला मान्य नव्हता. झुला पुरवणाऱ्या कंपनीला ३,५०,००० डॉलर दंड झाला.

जवळपास ५ वर्षांनंतर
१२ नोव्हेंबर २०१४, न्यूयॉर्क. वन वर्ल्ड ट्रेड सेंटर, नुकतंच उघडलेलं. दुपारी १२.४० च्या सुमारास काचा धुणाऱ्या दोघांच्या झुल्याची एक तार ढिली पडली. अडुसष्टाव्या मजल्यापाशी झुला जवळजवळ उभा तिरका झाला. दोघांनाही हार्नेस होते आणि ते बांधलेले होते. अग्निशमन दलाच्या जवानांनी आतून काच कापली. २.१४ पर्यंत दोघेही आत होते. त्यांना रुग्णालयात नेलं ते अंग गारठल्यामुळे.

साडेपाच वर्षांनंतर
२६ जून २०१५. टोरांटोच्या प्रकल्प व्यवस्थापकाला मृत्यूस कारण ठरलेल्या गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या चार आणि गंभीर इजेच्या एका आरोपात दोषी ठरवण्यात आलं. दोर अपुरे आहेत हे त्याला माहीत होतं आणि तरीही त्याने काम थांबवलं नाही, हा निकालाचा गाभा होता. त्याने विचारलेला प्रश्न त्याच्या बचावाला आला नाही. धोका त्याला कळला होता, याचा तो पुरावा ठरला.

६ वर्षांनंतर
११ जानेवारी २०१६. शिक्षा साडेतीन वर्षं कैद. वेस्टरेच्या स्फोटातून आलेल्या दुरुस्तीतलं कर्तव्य मोडल्याबद्दल एका व्यवस्थापकाला तुरुंगात पाठवणारा हा पहिलाच मोठा निकाल. ३० जानेवारी २०१८ रोजी त्याचं अपील फेटाळलं गेलं.

यापुढे
मुंबई, ठाणे, पुण्यात काचेच्या इमारती धुण्यासाठी आणि सोसायट्यांच्या रंगकामासाठी असेच झुले लटकतात. हे काम कुणी दूरचा मालक देतो असं नाही. बऱ्याचदा सोसायटीची कमिटीच देते, आणि कोटेशन सर्वांत कमी कुणाचं, हे पाहून देते.

पुढच्या वेळी कंत्राटदाराला काम देताना तीन गोष्टी विचारा. झुल्यावर वजनमर्यादेची पाटी कुठे आहे? एका वेळी किती माणसं चढणार? गच्चीवरून स्वतंत्र दोर किती सोडणार? उत्तर आकड्यांत घ्या. ‘काळजी करू नका’ हे उत्तर धरू नका. माणसं आणि दोर यांचे आकडे जुळेपर्यंत झुला हलू देऊ नका.