देशद्रोही कोण? ब्राउनश्वाइग, १९५२

मराठीत राजद्रोह आणि देशद्रोह हे दोन वेगळे शब्द आहेत. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली ती राजद्रोहाबद्दल. म्हणून त्यांना देशद्रोही म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. जर्मन कायद्यातही अशीच जोडी आहे. ‘होखफेरात’ म्हणजे प्रस्थापित राज्यव्यवस्था बळाने उलथवू पाहणे आणि ‘लांडेसफेरात’ म्हणजे देशाचा घात करून परक्या सत्तेचे हित साधणे. या शब्दांभोवती जर्मनीत अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने दोन खटले चालले. अतिउजव्यांशी कायद्याने कसे वागावे, हा प्रश्न दोन्हींत होता.

पहिला खटला सर्वांना माहीत असलेल्या माणसाचा. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने म्युनिकमध्ये सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. त्यात चार पोलीस मारले गेले. हा खटला लाइपझिगच्या खास न्यायालयात चालायला हवा होता, पण बव्हेरियाच्या सरकारने तो म्युनिकमध्येच ठेवून घेतला. न्यायाधीशांनी हिटलरला तासन्‌तास बोलू दिले. त्याचा मुद्दा असा, की १९१८ साली प्रजासत्ताक आणणारेच खरे गद्दार, आणि गद्दारांविरुद्ध उठणे हा द्रोह होऊच शकत नाही. १ एप्रिल १९२४ रोजी त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तो ऑस्ट्रियाचा नागरिक होता. १९२२ च्या प्रजासत्ताक संरक्षण कायद्यानुसार अशा परदेशी गुन्हेगाराला हद्दपार करायला हवे होते. न्यायालयाने ठरवले, की इतक्या जर्मन मनाच्या माणसाला ते कलम लागू करणे योग्य नाही. २० डिसेंबरला तो तुरुंगाबाहेर आला. कायद्याची उणीव नव्हती. ज्यांच्या हाती तो होता त्यांना प्रजासत्ताकच आपले वाटत नव्हते.

दुसरा खटला ओटो एर्न्स्ट रेमरचा. २० जुलै १९४४ रोजी कर्नल श्टाउफेनबेर्ग यांनी हिटलरच्या मुख्यालयात बॉम्ब ठेवला, तेव्हा एकतीस वर्षांचा मेजर रेमर बर्लिनच्या पहारा तुकडीचा प्रमुख होता. त्याला सरकारी वस्ती वेढण्याचा हुकूम कटवाल्यांकडून आला होता. गोबेल्सने त्याला फोनवर हिटलरचा आवाज ऐकवला. हिटलर जिवंत आहे हे कळताच रेमरने बाजू ठरवली आणि उठाव मोडायला हातभार लावला. युद्ध संपले तेव्हा तो जनरल होता.

१९४९ मध्ये ‘सोशालिस्टिशे राइशपार्टाय’ हा पक्ष निघाला आणि रेमर त्याचा मुख्य वक्ता झाला. मे १९५१ मध्ये लोअर सॅक्सनी प्रांताच्या निवडणुकीत या पक्षाने अकरा टक्के मते आणि सोळा जागा मिळवल्या. हिटलरच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. निवडणुकीच्या तीनच दिवस आधी ब्राउनश्वाइगच्या सभेत रेमर म्हणाला होता, की २० जुलैचे कटवाले बव्हंशी देशद्रोही होते आणि त्यांना परदेशातून पैसा मिळत होता. त्याने निवडलेला शब्द ‘लांडेसफेरात’चाच होता.

केंद्रीय गृहमंत्री रोबेर्ट लेर यांनी फिर्याद केली. ते स्वतः हिटलरविरोधी गटांपैकी होते. स्थानिक सरकारी वकिलाला खटला चालवायचा नव्हता. त्याचे वरिष्ठ फ्रिट्झ बावर यांनी तो स्वतःकडे घेतला. बावर ज्यू आणि समाजवादी. १९३३ पर्यंत स्टुटगार्टमध्ये न्यायाधीश, मग छळछावणी, मग डेन्मार्क आणि स्वीडनमधला परागंदा काळ. १९४९ मध्ये ते परतले होते.

आरोप वरवर पाहता किरकोळ होता: बदनामी आणि मृतांच्या स्मृतीची विटंबना. पण बदनामीच्या कायद्यात आपले विधान खरे ठरले नाही, तर त्याची जोखीम बोलणाऱ्यावर असते. त्यामुळे कटवाले देशद्रोही होते की नाही, याचा निर्णय न्यायालयाला करावाच लागला. बावर यांनी इतिहासकार आणि धर्मशास्त्रज्ञ साक्षीला आणले. हिटलरला वाहिलेली शपथ मोडणे पाप होते का, इथपर्यंत चर्चा गेली. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा, की जे राज्य स्वतः रोज खून करते त्याच्याशी द्रोह होऊच शकत नाही. त्याला विरोध करणे हा स्वसंरक्षणाचा हक्क आहे. श्टाउफेनबेर्ग हे बावर यांच्याच शाळेतले. भाषणाच्या शेवटी त्यांनी त्या शाळेची आठवण काढली आणि शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’चा आधार घेतला.

१५ मार्च १९५२ रोजी निकाल लागला. कटवाले देशद्रोही नव्हते आणि नाझी राज्य हे ‘उन्‌रेख्ट्सश्टाट’ होते, असे न्यायालयाने म्हटले. हा शब्द मराठीत आणणे अवघड आहे. ‘रेख्ट्सश्टाट’ म्हणजे कायद्याचे राज्य; त्याचे उलट ‘बेकायदा राज्य’ म्हणावे, तर नाझींकडे कायदे, राजपत्रे, न्यायालये सगळे होते. ‘अन्यायाचे राज्य’ हा शब्द जवळ जातो, पण तो गाऱ्हाण्यासारखा ऐकू येतो. ब्राउनश्वाइगमध्ये ते गाऱ्हाणे नव्हते. त्या एका शब्दाने कटवाल्यांवरचा डाग कायद्याच्या भाषेत पुसला गेला.

रेमरला शिक्षा झाली तीन महिन्यांची. तीही न भोगता तो इजिप्तला पळाला. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने त्याच्या पक्षावर बंदी घातली, आणि पक्षाच्या लोकप्रतिनिधींची पदे गेली. नव्या घटनेच्या एकविसाव्या कलमाखाली झालेली ती पहिली बंदी.

या शस्त्राला दुसरी धारही आहे. १९५६ मध्ये त्याच कलमाने कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, आणि त्या पक्षातले कितीतरी जण नाझी तुरुंगांत राहून आलेले होते. अतिउजव्या ‘एन.पी.डी.’वरचा पहिला खटला २००३ मध्ये बंद पडला, कारण सरकारी खबरेच त्या पक्षाच्या नेतृत्वात बसलेले आढळले. २०१७ मध्ये न्यायालयाने त्या पक्षाचे उद्दिष्ट घटनाविरोधी ठरवले, पण ते साधण्याइतके बळ त्याच्याकडे नाही म्हणून बंदी नाकारली. पक्ष बलवान होईपर्यंत थांबले तर उशीर होतो आणि दुबळा असताना बंदी घातली तर ती अतिरेक ठरते, हा पेच आजही सुटलेला नाही.

रेमरही बदलला नाही. ज्यूंच्या संहाराला खोटे ठरवणारे लिखाण त्याने चालूच ठेवले. १९९२ मध्ये त्याबद्दल बावीस महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा तो स्पेनला पळाला आणि १९९७ मध्ये तिथेच मेला. आयुष्यभर कायद्याने त्याला फारसे कोंडले नाही. पण १९५१ मध्ये त्या सभेत फाशी गेलेल्यांना देशद्रोही म्हणणे हे मते मिळवण्याचे साधन होते. १९५२ नंतर ते म्हणणाऱ्याच्या विरोधात एक न्यायालयीन निकाल उभा होता. तो देणारे न्यायाधीश जर्मनच होते, आणि तो मागणारा वकील त्याच देशातून हाकलला गेलेला होता.