अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि बालरुग्णांवरील वैद्यकीय चाचण्या : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील आवरणास सूज येऊन व्रण पडणारा दीर्घकालीन आजार होय. १८५९ मध्ये लंडन येथील सॅम्युअल विल्क्स यांनी हे नाव वापरले. रक्तमिश्रित जुलाब व पोटदुखी ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. बालवयात हा आजार बहुधा संपूर्ण मोठे आतडे व्यापतो. म्हणजेच प्रभावी औषधाची निकड मुलांना अधिक असते. तथापि औषधांच्या चाचण्यांत त्यांना फार उशिरा स्थान मिळाले. या विलंबाची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीचे संशोधन :
१९४० च्या दशकात स्वीडनमधील डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सल्फासॅलाझिन हे औषध उपचारात आणले. १९५५ मध्ये इंग्लंडमधील ट्रूलव्ह व विट्स यांनी २१० रुग्णांवरील कॉर्टिझोनच्या चाचणीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनंतर कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के, तर प्लासिबो म्हणजे औषधी गुण नसलेली मात्रा घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. तुलनेशिवाय औषधाची किंमत ठरत नाही, हा धडा यातून मिळाला.

उपचारातील अनाथ :
थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेने औषधाच्या परिणामकारकतेचा पुरावा सक्तीचा केला. हा पुरावा प्रामुख्याने प्रौढांवरील चाचण्यांतून मिळत राहिला. मुलांना धोका नको म्हणून त्यांना चाचण्यांतून वगळले गेले. परिणामी डॉक्टरांना अंदाजाने मात्रा ठरवावी लागे. अशा मुलांना डॉ. हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात ‘उपचारातील अनाथ’ असे संबोधले.

अंदाजाच्या मर्यादा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखविल्या. तीत ५६ मुलांपैकी निम्म्यांना सल्फासॅलाझिन व निम्म्यांना ओल्सालाझिन हे नवे औषध देण्यात आले. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटात ७९ टक्के, तर दुसऱ्या गटात केवळ ३९ टक्के मुलांत सुधारणा आढळली.

कायदा आणि मोजमाप :
१९९७ च्या अमेरिकन कायद्याने मुलांवर अभ्यास करणाऱ्या कंपन्यांना विक्रीच्या एकाधिकाराची सहा महिन्यांची वाढ देऊ केली. २००३ च्या कायद्याने अनेक नव्या औषधांसाठी असे अभ्यास बंधनकारक केले. २००७ पासून युरोपातही तसे नियम लागू झाले. त्याच वर्षी आजाराची तीव्रता मोजणारा ‘पुकाई’ हा बालरुग्णांसाठीचा निर्देशांक प्रसिद्ध झाला. पोटदुखी, रक्तस्राव, शौचाचे स्वरूप व संख्या, रात्रीचे शौच आणि दैनंदिन हालचाल या सहा बाबींवरून ० ते ८५ गुण दिले जातात. त्यामुळे प्रत्येक मोजमापासाठी मुलाच्या आतड्यात दुर्बीण घालण्याची गरज उरली नाही.

प्लासिबोचा पेच :
इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत या आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठी २००५ मध्ये, तर सहा वर्षांवरील मुलांसाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली. मुलांच्या चाचणीत ६० जण होते व सर्वांनाच औषध दिले गेले. आठव्या आठवड्यात सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. अॅडालिमुमॅबच्या बाबतीत हे अंतर २०१२ ते २०२१ असे वाढले. त्याच्या ९३ मुलांवरील चाचणीत आरंभी योजलेला प्लासिबो गट पुढे रद्द करण्यात आला. प्रौढांत गुणकारी ठरलेले औषध रक्तस्राव होत असलेल्या मुलापासून रोखून धरणे पालकांना व डॉक्टरांना पटणे कठीण होते. मात्र तुलनागट नसल्यास निष्कर्षांसाठी प्रौढांच्या आकडेवारीचा आधार घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
मुलांना चाचण्यांतून वगळल्याने धोका टळला नाही. तो नोंद न होणाऱ्या दैनंदिन उपचारांत गेला. कायदा व योग्य मोजमाप यांमुळे मुलांना चाचण्यांत स्थान मिळाले, परंतु प्रौढांनंतर त्यांना करावी लागणारी प्रतीक्षा संपली नाही. वाढीच्या वयात आतड्याची हानी सोसणाऱ्या मुलासाठी सहा किंवा नऊ वर्षे म्हणजे बालपणाचा मोठा भाग होय. म्हणून प्रौढांच्या चाचण्यांबरोबरच मुलांच्या चाचण्यांचे नियोजन होणे आवश्यक ठरते.