मशीद नांवाचें यहुदी मंदिर



यहुदी आणि अरब यांच्या वैराच्या वार्ता इतक्या वेळां कानीं पडतात कीं, यहुदी व मुसलमान यांच्यांत सख्य कधीं नव्हतेंच, असा आपला ग्रह होऊन बसतो. आपल्याच मराठी मुलखांतील बेने इस्रायल समाजाचा इतिहास मात्र निराळें सांगतो.

अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं आपल्या पूर्वजांचें तारूं फुटलें, अशी या समाजाची परंपरा आहे. (आम्हीं बडनेऱ्याकडच्या माणसांनीं समुद्र पाहिला तो बहुधा नकाशांतच!) तेल गाळणें हा त्यांचा धंदा. हिब्रू भाषा विसरली, धर्मग्रंथ उरले नाहींत. परंतु शनिवारीं घाणा फिरला नाहीं. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणूं लागले. पोथीवांचून, केवळ आचाराच्या बळावर, मूठभर माणसांनीं आपलें वेगळेपण राखावें, हा पराक्रम मला लढायांहून थोर वाटतो.

त्यांच्यांतील सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेंत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धांत ते टिपूच्या हातीं सांपडले. आपण 'बनी इस्राएल' आहों, असें त्यांनीं सांगतांच टिपूच्या मातेनें कुराणांतील तें नांव ओळखलें आणि रदबदली करून त्यांचे प्राण वांचविले, अशी कथा आहे. सुटून आल्यावर त्यांनीं १७९६ मध्यें मुंबईंत पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर उभारलें. त्याचें नांव 'शाअर हरहमीम', म्हणजे दयेचें द्वार. गंमत अशी कीं, बेने इस्रायल स्वतः आपल्या मंदिरास 'मशीद'च म्हणत. जवळच्या मस्जिद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें, असें सांगतात. एलियाहू नबीचें स्मरण करून ते गोड पोह्यांचा जो 'मलिदा' करतात, त्याचें नांवही दर्ग्यांतून ऐकूं येणारें.

१९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. तेथें गांठ पडली ती प्रथम स्वधर्मीयांशीं! यांचे विवाह धर्मशास्त्राप्रमाणें शुद्ध आहेत काय, अशी शंका तेथील धर्मगुरूंनीं काढली. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या शनिवार मोडला नाहीं, त्यांच्याच वंशाची चौकशी! त्यांनीं निदर्शनें केलीं, धरणें धरलें. अखेर ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील संसदेनें त्यांना सर्वतोपरी यहुदी मानावें असा ठराव केला. मराठीचा अभिमान मात्र त्यांनीं सोडला नाहीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तेथें चालविलें, आणि मलिदाही होतच राहिला.

त्यांच्यापैकीं कित्येक कुटुंबें लोद शहरीं स्थायिक झालीं. जुलै १९४८ मध्यें याच शहरांतून बहुतेक अरबांना घालवून देण्यांत आलें होतें. थोडे मागें राहिले. शेजार जुळला, पण जखम बुजली नाहीं. मे २०२१ मध्यें तेथें दंगल उसळली. यहुदी प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं. गोळी लागून एक अरब तरुण आणि दगडाच्या माऱ्यानें एक यहुदी गृहस्थ असे दोघे मृत्यू पावले. त्या यहुदी गृहस्थाच्या कुटुंबीयांनीं त्याचे अवयव दान केले, आणि त्यांतील एक मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब स्त्रीस मिळालें.